गाडीचे पेपर: काय गाडीत ठेवायचं, काय घरी आणि कुठल्या तारखा लिहून ठेवायच्या

बहुतेकांचे गाडीचे सगळे पेपर एकाच प्लास्टिकच्या फोल्डरात असतात, तो फोल्डर ग्लोव्हबॉक्समध्ये, आणि त्यातच सर्व्हिसिंगची बिलं, पार्किंगच्या चिठ्ठ्या, पुसट झालेली पीयूसी (प्रदूषण तपासणीचं सर्टिफिकेट) वगैरे कोंबलेलं. ही सवय आधी मोडा, कारण गाडी चोरीला गेली तर पेपरही तिच्याबरोबरच जातात, आणि चोरीच्या क्लेमला इन्शुरन्सवाले एफआयआरसोबत आरसी (गाडीच्या नोंदणीचं सर्टिफिकेट), पॉलिसी आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली कुठंय ते आत्ताच बघून या.

तर ओरिजिनल घरी आणि गाडीत फक्त झेरॉक्स. पोलिसांनी अडवलं तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमधली आरसी आणि लायसन्स कायद्याने चालतं, पण मोबाईलच्या गॅलरीतला फोटो किंवा घरून व्हॉट्सअॅपवर मागवलेला फोटो त्यात धरत नाहीत, हवालदारसाहेबांनी ऐकलं तर ऐकलं. डिजिलॉकरमध्ये आरसी घेताना आधारवरचं आणि आरसीवरचं नाव जुळावं लागतं, एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असलं की तिथेच गाडं अडतं, म्हणून हे काम घरी निवांत बसून उरकायचं, नाक्यावर उभं राहून नाही.

आता खरा घोळ होतो तो तारखांचा. सप्टेंबर 2018 पासून नवीन कारला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, एकदम 3 वर्षांचा घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग बऱ्याचदा 1 वर्षाचाच असतो. एकाच पॉलिसीवर दोन संपायच्या तारखा! लोक 3 वर्षांची तारीख बघून निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी कुणी मागून ठोकलं की कळतं आपल्या बंपरचा खर्च आपल्याच खिशातून. त्यामुळे पॉलिसी हातात आली की दोन्ही तारखा मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये वेगवेगळ्या टाका, आणि रिमाइंडर महिनाभर आधीचा लावा, आदल्या दिवशीचा नको, दोनचार ठिकाणचे कोटेशन बघायला वेळ हवा ना. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, गेलाच म्हणून समजा. हा बोनस 20 टक्क्यांपासून सुरू होऊन 25, 35, 45 करत पाच वर्षं क्लेम न केल्यावर 50 टक्क्यांपर्यंत जातो, तोही फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर, पण पाच वर्षांची पुण्याई आळसापायी घालवण्यात काय अर्थ आहे?

पॉलिसीची पीडीएफ आली की न वाचता आर्काइव्ह करू नका. पहिल्या पानावर इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून बघा, शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल नेहमीची आहे. मग आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), बोनसचा टक्का बरोबर लागलाय का, आणि नंतर सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवरही आणि पॉलिसीवरही चढलंय का. एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं असेल तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला. सीएनजी सिलिंडरची दर 3 वर्षांनी टेस्ट होते, ते सर्टिफिकेट याच फाईलला लावा.

मोबाईलमध्ये फाईलची नावं अशी ठेवा की सर्च केल्यावर पटकन सापडतील, म्हणजे आधी गाडी नंबरचे शेवटचे चार आकडे, मग पेपर, मग संपायची तारीख: "4521 पीयूसी मार्च 2027". बीएस4, बीएस6 (प्रदूषणाच्या नियमांचे टप्पे) गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीची 6 महिनेच. सर्व्हिसची बिलं एका वेगळ्या पाकिटात, ती विकताना भाव करायला कामाला येतात.

कर्जाची गाडी असेल तर शेवटचा हप्ता भरला म्हणजे संपलं असं नाही. बँकेकडून एनओसी (कर्ज फिटलं, हरकत नाही असं पत्र) आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) घ्या, एनओसीला मुदत असते त्यामुळे ती कपाटात न ठेवता लगेच आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा उतरवा, आणि मग इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढून घ्या. हे दुसरं काम दहातले नऊ जण करत नाहीत.

गाडी विकताना मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 च्या कॉपी, गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली सही केलेली चिठ्ठी आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स ठेवून घ्या, कारण आरसीवर नाव बदलेपर्यंत ई-चलन तुमच्याच मोबाईलवर येणार. आणि हो, नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, तेव्हा कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, ते 3 वर्षांपर्यंत नवीन गाडीला लावता येतं.