नवख्याचे मंडळीत स्वागत
नाशिकच्या शरणपूर परिसरातील एखाद्या ख्रिस्ती मंदिरात (चर्चमध्ये) रविवारच्या उपासनेला कोणी प्रथमच आले, तर दाराशी 'सलाम' म्हणून, त्यांना पहिल्या बाकावर न नेता (तेथे साऱ्यांच्या नजरा खिळतात) मागच्या बाजूला एखाद्या कुटुंबाशेजारी बसवावे आणि गीतपुस्तक योग्य पान उघडूनच हाती द्यावे. प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) असल्यास, बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षाविधी) न झालेल्यांनी जागेवरच बसून राहिले तरी चालते, हे आधीच हळू आवाजात सांगावे. ऐनवेळी होणारा संकोच माणसाला पुन्हा येऊ देत नाही. आडनाव, जात विचारू नये. विश्वासाविषयी त्यांनी विचारल्यास बायबलमधील 1 पेत्र 3:15 प्रमाणे सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे. त्यांच्या घरच्या देवांवर टीका किंवा कसलेही आमिष मुळीच नको. उपासनेनंतर चहाला थांबवावे.