मिल लॅक्सवर फॉलमधली (शरदातली) मस्की : या चुका टाळा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसहून हायवे १६९ ने उत्तरेला निघालं की सुमारे दोन तासांत मिल लॅक्स हा तलाव लागतो. पाणी जवळपास १,३२,००० एकर, आणि सर्वांत खोल जागी जेमतेम ४२ फूट. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच तलावातून ५५ पौंड १४.८ औंसांची मस्की (मोठा शिकारी मासा) निघाली आणि १९५७ पासून टिकलेला मिनेसोटाचा वजनाचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी इथे ५८¼ इंचांची एक मस्की मोजून परत सोडली गेली. हे आकडे ऐकून दर ऑक्टोबरात ट्विन सिटीजमधून (मिनियापोलिस-सेंट पॉल) बोटी निघतात, आणि त्यातल्या बहुतेक हात हलवत परततात.

त्यात नवल काही नाही. मस्की या तलावातली मूळची नाही. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने (डीएनआर) पिल्लं सोडून ती वाढवली. एवढ्या पाण्यात ती संख्येने थोडी आहे, पण आकाराने दांडगी होते. पाइकच्या कुळातला हा लांब तोंडाचा, दबा धरून झडप घालणारा शिकारी. भारतात या कुळातला एकही मासा नाही, त्यामुळे कोकणात खाडीकाठी गरवण्यात आयुष्य गेलेल्यांनाही इथला हिशोब पचायला वेळ लागतो. दिवसभरात एक चावा मिळाला तर तो चांगला दिवस.

चावा एकच मिळणार असेल तर नडणाऱ्या चुका दोनच जातीच्या असतात. एक, मासा नसलेल्या पाण्यावर दिवस घालवणं. दुसरी, चावा आला त्या क्षणी तयार नसणं. लुअर (नकली आमिष) केशरी की काळा यावरचे वाद या दोन्हींत बसत नाहीत, तरी बोटीवरचा निम्मा वेळ त्यातच जातो.

जुलैचा नकाशा ऑक्टोबरात वापरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उन्हाळ्यात वाकॉन, आयल, कोव्ह या उपसागरांतल्या गवताच्या कडेला मस्की दिसलेली असते. जीपीएसवर खुणा असतात. मग ऑक्टोबर उजाडला तरी माणूस त्याच खुणांवरून फिरत राहतो.

गवतावर जाऊच नये असं नाही. पाणी ५५ ते ६० फॅरनहाइटच्या आसपास असताना उरलेलं हिरवं गवत अजून पर्च हे छोटे मासे धरून ठेवतं, आणि पर्चमागे मस्की येते. फक्त ते गवत खरोखर हिरवं हवं. गळाला आलेला तुकडा हातात घेऊन बघा. ताठ, चुरचुरीत असेल तर थांबा. तपकिरी, लिबलिबीत, शेवाळ धरलेला असेल तर ती जागा त्या वर्षापुरती संपली. एकाच उपसागरात एक पट्टा मेलेला आणि शंभर यार्डांवरचा दुसरा जिवंत असतो, म्हणून "वाकॉनमधलं गवत गेलं" असं कुणी धक्क्यावर सांगितलं तरी स्वतः पाहिल्याशिवाय मानू नका.

त्यानंतर खरा बदल होतो तो टुलिबीमुळे. टुलिबी हा व्हाइटफिशच्या कुळातला चंदेरी, चरबीदार मासा. त्याला थंड पाणी लागतं, म्हणून उन्हाळ्यात तो खोल भागात असतो. नोव्हेंबरात पाणी चाळिशीच्या पहिल्या अंकांवर, म्हणजे ५-६ सेल्सिअसवर उतरलं की तो अंडी घालायला गोटे-खडकांच्या उथळ उंचवट्यांवर येतो. मोठ्या मस्की जवळजवळ सगळ्या माद्या असतात आणि वसंतातल्या विणीसाठी त्यांच्या पोटात याच काळात अंडी भरत असतात. त्यांना मोठा, तेलकट घास हवा असतो आणि तो एका ठरावीक जागी गोळा होतो. वर्षभरात या तलावात मासा कुठे असेल याचा इतका नेमका अंदाज दुसऱ्या कोणत्याच वेळी बांधता येत नाही.

म्हणून ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून गोटे शोधा. तलावाच्या उत्तर भागातले प्रसिद्ध चिखलाचे पठार वॉलाय माशासाठी ठीक, पण या दिवसांत दगडी रीफ, म्हणजे पाण्याखालचे उंचवटे, हव्यात, आणि त्यातही ज्यांच्या बाजूला खोल पाणी आहे अशा. लुअर टाकण्याआधी सोनार (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) लावून रीफभोवती एक फेरी मारा. टुलिबीचे थवे पडद्यावर ढगासारखे दिसतात. ते नसतील तर रीफ कितीही देखणी असो, पुढे निघा. वारा सलग दोन-तीन दिवस एकाच दिशेने वाहत असेल तर ज्या बाजूवर लाटा आदळतात ती बाजू आधी घ्या. अर्थात बोट तिथे सुरक्षित उभी राहत असेल तरच.

टर्नओव्हरवर खापर फोडणं

मासा लागला नाही की "तलाव उलटतोय" हे उत्तर तयार असतं. खोल तलावात ते खरंही असतं. उन्हाळ्यात वर कोमट आणि खाली गार असे थर पडतात. शरदात वरचं पाणी थंड, म्हणून जड होऊन खाली जातं, वारा सगळं ढवळतो, पाणी गढूळ होतं, कुजक्या गवताचे तुकडे तरंगतात आणि काही दिवस मासे सैरभैर होतात. पण मिल लॅक्स इतका पसरट आणि उथळ आहे की वारा त्याला उन्हाळाभर घुसळत असतो. तिथे पक्का थर फार काळ टिकतच नाही, तर उलटणार काय? या तलावावर रिकाम्या दिवसाचं कारण बहुधा जागा चुकलेली असते, नाहीतर वेळ.

लीच लेक किंवा व्हर्मिलियन या मिनेसोटातल्या दुसऱ्या तलावांच्या खोल भागात मात्र खरा टर्नओव्हर गाठू शकतो. तेव्हा तलाव सोडून देण्याऐवजी त्याच तलावाचा उथळ, आधीच मिसळलेला भाग किंवा वाहतं पाणी शोधा.

चांगली जागा, भलत्या वेळी

२००५ साली या तलावात झेब्रा शिंपले सापडले. पाणी गाळून पिणारा हा जीव. तेव्हापासून पाणी पूर्वीपेक्षा नितळ आहे. नितळ पाण्यात भर दुपारी खुल्या रीफवर मस्कीने पूर्ण ताकदीने चावावं ही अपेक्षा जरा जास्तच. कमी उजेड, ढगाळ हवा, चंद्र उगवण्या-मावळण्याच्या आसपासचा वेळ आणि संध्याकाळ यांना म्हणूनच भाव.

आणि इथेच घोडं पेंड खातं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि सूर्य पावणेपाचच्या सुमारास बुडू लागतो. सकाळपासून गारठलेली माणसं चार वाजता सामान आवरायला लागतात, म्हणजे नेमकी वेळ आली की बोट धक्क्याकडे वळते. त्यापेक्षा उशिरा निघा, दुपारचं जेवण करून निघा, पण सर्वांत भरवशाची रीफ सूर्यास्तासाठी राखून ठेवा. दुपारी तिच्यावरून फेऱ्या मारून ती जागा उगाच हलवून ठेवू नका. चंद्राचं वेळापत्रक मी बघतो, पण त्याच्यासाठी वाऱ्याकडे आणि टुलिबीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

"थंडीत सगळं सावकाश"

हे अर्धसत्य आहे. पाणी ५० फॅरनहाइटखाली गेलं की मस्की लांब पाठलाग टाळते, हे खरं. म्हणून बुलडॉग किंवा मेड्युसासारखी जड रबरी आमिषं ओढून-थांबवून-ओढून चालवली जातात, आणि थांबा जितका जिवंत तितकं चांगलं. पण सावकाश म्हणजे मेल्यासारखं नव्हे. त्याच थंड पाण्यात मोठे क्रँकबेट (माशाच्या आकाराचे कडक लुअर) ताशी तीन-साडेतीन मैलांनी ट्रोल करणाऱ्यांनाही, म्हणजे चालत्या बोटीमागून ओढणाऱ्यांनाही, मासे लागतात. घास मोठा असेल आणि तोंडासमोरून जात असेल तर ती उठते. वेगात बदल ठेवा. एकसुरी चाल, मग ती हळू असो की जलद, सगळ्यात वाईट.

ट्रोलिंगबद्दल एक नियम लक्षात ठेवा. मिनेसोटात खुल्या पाण्यात एका माणसाला एकच दोरी चालते. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तीन चालतात, त्यामुळे तिकडून आलेले मित्र सवयीने जास्त रॉड लावून बसतात.

बोटीजवळचे दहा फूट

लुअर बोटीपाशी आला की उचलून पुढचा फेक घ्यायचा, ही सवय इतर मासेमारीत खपते. मस्की मात्र बऱ्याचदा शेवटपर्यंत मागे येते आणि बोटीच्या सावलीतच निर्णय घेते. म्हणून प्रत्येक फेकीनंतर, मासा दिसो न दिसो, रॉडचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरकी द्यायची. मोठा मासा पटकन वळू शकत नाही, त्यामुळे वळणं छोटी नकोत. रुंद, गोलसर आणि खोल हवीत. दोरी टोकापासून फूटभरच बाहेर ठेवा. साडेआठ-नऊ फुटांचा रॉड याचसाठी घेतात.

हात गोठलेले असताना, सायंकाळच्या शेवटच्या तासात, हीच फिरकी पहिल्यांदा गळते. सोबत दोघं असाल तर एकमेकांना टोका.

काय बिघडतंय ते कसं ओळखाल

मासा मागे येतो पण चावत नाही : लगेच लुअर बदलून त्याच जागी तासभर झोडपत बसू नका. जागेची खूण करा, निघून जा आणि उजेड बदलल्यावर परत या. मागून येणारी मस्की म्हणजे पत्ता मिळाला. दिवसभरात याहून मोलाची माहिती मिळत नाही. परत येताना वेगळ्या खोलीवर चालणारं आमिष लावा.

चावली, दोन झटके दिले आणि सुटली : आधी गळाचं टोक नखावर घासून बघा. ते घसरलं तर गळ बोथट आहे. गोट्यांवर आपटणारे गळ एका दुपारीत बोथट होतात, म्हणून कानस खिशात हवी. मग ड्रॅग, म्हणजे रिळावरून दोरी किती जोराने सुटते ते, तपासा. मस्कीचं तोंड हाडाचं असतं. दोरी सहज सुटत असेल तर गळ रुततच नाही. ऐंशी किंवा शंभर पौंडी विणलेली (ब्रेडेड) दोरी ताणली जात नाही, म्हणून वर उडवण्यापेक्षा रॉड बाजूला खेचा. आणि शून्याखालच्या हवेत रॉडच्या कड्यांत बर्फ साचतो, तो दर काही फेकींनंतर काढा, नाहीतर ऐन वेळी दोरी अडकते.

दोरी कापली गेली : लीडर (दोरी आणि लुअरमधला मजबूत तुकडा) नव्हता, किंवा खरचटलेला होता. शंभर-एकशेतीस पौंडी फ्लुरोकार्बन किंवा स्टीलची तार, आणि दर माशानंतर लीडरवरून हाताचं बोट फिरवून तपासणी. यात काटकसर नको.

सकाळपासून काहीच नाही, सोनारवर टुलिबीही नाही : इथे लुअर बदलणं म्हणजे वेळ घालवणं. पुढच्या रीफवर जा.

मासा हातात आल्यावर

आमिष म्हणून जिवंत सकर मासा लावत असाल तर एकाच गळावर लावून मासा तो गिळेपर्यंत थांबायची जुनी रीत सोडून द्या. गळ आत खोल रुततो आणि सोडलेला मासाही पुढे बऱ्याचदा मरतो. झटपट ओढता येणारी जोडगळाची मांडणी वापरा.

पन्नास इंच ओलांडलेल्या मादीला वाढायला दीड दशकाच्या आसपास वर्षं लागलेली असतात. राज्यात किमान लांबी ५४ इंच आहे आणि एकच ठेवता येते, पण मस्कीवाले जवळपास सगळेच सोडून देतात. त्यासाठी मोठं, गाठी नसलेलं जाळं, लांब पक्कड आणि गळ तोडणारा कटर हे फेक घेण्याआधी हाताशी हवेत. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, आणि गळ निघेपर्यंत ती पाण्यातच. अडकलेला गळ उपसत बसू नका, सरळ तोडा. नवा गळ स्वस्त असतो.

गोठवणाऱ्या हवेत फोटोची हौस सगळ्यात घातक. ओले कल्ले आणि डोळे बाहेर काढल्याबरोबर गारठू लागतात. कॅमेरा आधी तयार, मासा आडवा, दोन्ही हातांचा आधार, काही सेकंद, परत पाण्यात. वजनकाट्याला टांगू नका. वजन हवंच असेल तर पाण्यात लांबी आणि घेर मोजा : इंचांत लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००. ५२ इंच लांब आणि २४ इंच घेराची मस्की साधारण ३७ पौंड भरते. अंदाजच तो, पण पैज जिंकायला पुरेसा.

बोट आणि गारठा

उथळ, मोकळ्या पाण्यावर वायव्येचा वारा धरला की मिल लॅक्सवर लाटा आखूड आणि उभ्या होतात, सोळा फुटी बोटीला त्या झेपत नाहीत. हवामानाच्या अंदाजात वारा वाढणार असेल तर तलावाच्या ज्या बाजूने परतायचं त्याच बाजूला राहा. चाळीस फॅरनहाइटच्या पाण्यात पडलेल्या माणसासाठी एक-दहा-एक हे सूत्र सांगतात : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय नीट चालतील अशी दहा मिनिटं, शुद्ध हरपायला सुमारे तास. त्या दहा मिनिटांत लाइफ जॅकेट घालता येत नाही. ते आधीच अंगावर हवं, सीटखाली नव्हे.

हंगाम १ डिसेंबरला संपतो, पण त्याआधीच बऱ्याच ठिकाणचे धक्के काढून ठेवलेले असतात आणि उतार ओला होऊन गोठतो. रबरी बूट आणि वाळूची पिशवी गाडीत ठेवा. बोट वर काढल्यावर गवत झाडून ड्रेन प्लग काढायचा, हा झेब्रा शिंपल्यांमुळे मिनेसोटाचा कायदाच आहे. आउटबोर्ड (बोटीमागचं इंजिन) खाली उभा करून त्यातलं पाणी पूर्ण ओघळू द्या, मगच निघा. इंजिनात राहिलेलं पाणी घरी पोचेपर्यंत गोठलं तर आतलं कास्टिंग फुटतं.