एंजलची अंडी पांढरी का पडतात : सांगली परिसरातील नवोदितांसाठी

गप्पी आणि मॉली यांची पिल्ले घरच्या टाकीत फारसे काही न करता वाढली की पुढची ओढ एंजल (एंजलफिश) या शोभेच्या माशाची जोडी लावण्याची असते, आणि सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यातील अनेकांचे घोडे नेमके इथेच अडते. जोडी जुळते, दोघे मिळून पान किंवा काच स्वच्छ करतात, मादी अंड्यांच्या ओळी चिकटवते, दोघेही परांनी अंड्यांवर पाणी खेळते ठेवतात. आणि एक-दोन दिवसांत सगळी अंडी पांढरी पडून त्यांवर कापसासारखी बुरशी चढते. मी स्वतः या टप्प्यावर दीर्घ काळ अडकून होतो आणि तो काळ आठवला की आजही अस्वस्थ वाटते, म्हणून या लेखात मी बहुतेक जागा या एकाच गोष्टीला देणार आहे. टाकी मुरवणे, अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबणे, नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणे हे तुम्हाला येते असे मी धरून चालतो. येत नसेल तर जोडी घेऊ नका.

दुकानात जाऊन ही तक्रार सांगितली की हातात मिथिलीन ब्लूची बाटली मिळते. ते औषध वाईट नाही, परंतु ते ज्या गोष्टीवर उपाय आहे ती तुमची अडचण नसते. पाण्यात सॅप्रोलेग्निया जातीची बुरशी सर्वत्र असते आणि ती प्रथम मेलेल्या अंड्यांवरच रुजते. तिथून तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांपर्यंत पोहोचतात. मिथिलीन ब्लू हा प्रसार रोखते, म्हणजे शंभरातली दहा अंडी मेली असतील तर उरलेली वाचवण्यास ते उपयोगी पडते. पण शंभरच्या शंभर पांढरी पडत असतील, तर ती बुरशीने मेलेली नसून बहुधा फळलेलीच, म्हणजे नराकडून फलित झालेलीच, नव्हती. जे मुळात फळले नाही ते कोणत्याही औषधाने जिवंत होत नाही. हे एकदा मनात पक्के बसले की बाटल्यांवरचा खर्च थांबतो आणि खऱ्या कारणाचा शोध सुरू होतो. शिवाय हे औषध मुख्य टाकीत ओतले तर फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूही मरतात, त्यामुळे ते वापरायचेच असेल तर अंड्यांच्या वेगळ्या टाकीतच वापरावे.

यातील सर्वांत साधे कारण असे की तुमच्याकडे दोन्ही माद्या असू शकतात. नर नसेल तर दोन माद्या आपसांत जोडी करतात, पान साफ करतात, अंडी घालतात आणि त्यांची राखणही करतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही शंका येत नाही. अंडी घालण्याच्या वेळी पोटाखालची नळी पाहा. नराची बारीक व टोकदार असते, मादीची जाड व बोथट असते, आणि एरवी ओळख पटवण्याची खात्रीशीर खूण नाही. म्हणून महागडी तयार जोडी विकत घेण्याच्या मी विरोधात आहे. सहा-आठ लहान एंजल घ्यावेत, मोठ्या टाकीत एकत्र वाढवावेत आणि आठ ते बारा महिन्यांत ते स्वतः जोडी निवडतील तोपर्यंत धीर धरावा. वयाने कोवळ्या नराची पहिली काही फलने फसतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. फलन शरीराबाहेर पाण्यात होत असल्याने त्या काळात फिल्टरचा जोराचा प्रवाहही बंद किंवा मंद ठेवावा.

जोडी खरी असूनही अंडी फळत नसतील तर पाण्याकडे वळा. एंजल हा मूळचा अॅमेझॉन खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्ल पाण्यातला मासा आहे. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेली जात मध्यम जड पाणी सोसते, परंतु पाणी फारच जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले, असेल तर फलनाचे प्रमाण घसरते. कृष्णेचे नळाचे पाणी ज्यांना मिळते त्यांनी फक्त पावसाळ्यात, नदी गढूळ झाल्यावर, क्लोरीनकडे अधिक लक्ष द्यावे. पण जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या बाजूच्या बोअरवर किंवा क्षारपड शिवारातील विहिरीवर टाकी भरणाऱ्यांनी मोजमाप केल्याशिवाय पाऊलच टाकू नये. इथे टीडीएस मीटर अपुरा पडतो. तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती आणि नुसता सोडियम किती, हे तो सांगत नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी द्राक्षबाग असेल तर बागेसाठी केलेल्या पाणी तपासणीचा अहवाल मागून घ्या. त्यात एकूण काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, मिलिग्रॅम प्रति लिटर असे दिलेले असते. त्या आकड्याला सुमारे १८ ने भागले की मासेपालनात वापरले जाणारे जर्मन अंश मिळतात. ३६० चा आकडा म्हणजे २० अंश, आणि एंजलच्या अंड्यांसाठी १० अंशांच्या खाली उतरलेले बरे. द्राक्षबागेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, बोर्डो मिश्रणातील (मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशकातील) तांबे माशांना घातक असते. फवारणी करून आलेला हात धुतल्याशिवाय टाकीत घालू नये.

आता ज्या आडवाटेने सर्वाधिक मासे मेलेले मी पाहिले आहेत ती सांगतो : टाकी थेट आरओच्या (शुद्धीकरण यंत्राच्या) पाण्याने भरणे. आरओ पाण्यात काठिण्य जवळजवळ नसते, पण त्याबरोबर बायकार्बोनेटही निघून जाते, आणि सामू (pH) स्थिर ठेवण्याचे काम तेच करत असते. सुरुवातीचे दिवस सगळे सुरळीत दिसते, मग फिल्टरमधील जिवाणूंच्या कामातून तयार होणारे आम्ल साचत जाते आणि एखाद्या रात्रीत सामू कोसळतो. त्यामुळे बोअर आणि आरओ यांचे मिश्रणच करावे. २० अंशांच्या पाण्यात तितकेच आरओ पाणी मिसळले की १० अंश होतात, आणि हा बदल पाणी बदलण्याच्या प्रत्येक वेळी थोडा थोडा, काही आठवड्यांत करावा. ज्यांना हे सर्व जिकिरीचे वाटते त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. जड पाण्यात मॉली, गप्पी, प्लॅटी उत्तम वाढतात आणि त्यांच्या चांगल्या रंगाच्या जाती टिकवणे हे कमी प्रतीचे काम मुळीच नाही.

मार्गदर्शक निवडतानाही एक कसोटी लावावी. जो केवळ भरलेल्या टाक्या दाखवतो त्याच्यापेक्षा जो रिकामी झालेली टाकी दाखवून तिथे काय बिघडले ते सांगतो, त्याच्याकडे जा. ‘एका दिवसात टाकी तयार’ म्हणणाऱ्या चित्रफिती मी नवोदितांना पाहू देत नाही.

अंडी फळली की नाही हे पाहण्यासाठी चोवीस तासांनी मोबाइलचा दिवा बाजूने धरा. जिवंत अंडे पारदर्शक, मधाळ रंगाचे दिसते आणि पुढे त्यात काळसर ठिपका उमटतो. मेलेले अंडे अपारदर्शक पांढरे असते. २७-२८ अंश सेल्सिअसला सुमारे अडीच दिवसांत शेपट्या वळवळू लागतात आणि अंडी घातल्यापासून आठवडाभरात पिल्ले पोहू लागतात. तोपर्यंत ती पोटाच्या पिशवीतील अन्नावर जगतात, त्यांना काहीही घालू नये. पोहू लागल्यावर मात्र नुकतीच अंड्यांतून उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखा सूक्ष्म जीव) हवी : लिटरभर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम मीठ, खालून जोराची हवा आणि साधारण एक दिवस. उकडलेल्या अंड्याचा बलक हा स्वस्त उपाय म्हणून सुचवला जातो, मी तो कधीही सुचवणार नाही. पाणी काही तासांत नासते आणि पिल्ले उपासमारीऐवजी अमोनियाने मरतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हीटर लागतोच, आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप पिल्लांच्या टाकीसाठी अत्यावश्यक समजावा.

यातून उत्पन्न काढू इच्छिणाऱ्यांना थोडे स्पष्ट सांगतो. पहिल्या वर्षी विजेचे बिल निघाले तरी समाधान मानावे, कारण दुकानदार कोलकात्याकडून येणाऱ्या स्वस्त मालाशी तुमच्या भावाची तुलना करतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसदारी शोभिवंत मत्स्यपालनासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. सध्या अर्ज घेतले जातात का, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावी. मात्र सलग काही वेळा अंडी फळून पिल्ले मोठी होईपर्यंत अनुदानाच्या भरवशावर कर्ज काढू नये.

विक्रीला नेताना पिल्लांना आदल्या दिवशी खाद्य देऊ नये, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी ऑक्सिजन भरावा, आणि तुमच्या पाण्याचे काठिण्य किती आहे हे पिशवीवर लिहून द्यावे. घेणाऱ्याचे पाणी बोअरचे असेल तर पिशवी थेट टाकीत न ओतता, तासाभरात थोडे थोडे पाणी मिसळून मासे सोडण्यास त्याला सांगावे.