डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट व्हायचे आहे? अकरावी-बारावीत या चुका टाळा

आरोग्य क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांची वाट अभ्यासाइतकीच नियमांपाशी अडते, कारण प्रवेशाची नियमावली बहुतेक घरांत ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यावरच उघडली जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक दहावीनंतरच्या सुट्टीत होते. क्लाससाठी राजस्थानातील कोटा शहरात जायचे आणि सोयीचे म्हणून बारावीही तिकडूनच द्यायची, असा बेत ठरतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून भरल्या जातात आणि त्यांच्यासाठी, संरक्षण दल किंवा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद वगळता, अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असावी लागते. बाहेर जायचेच असेल, तर बारावी इथे करून पुढच्या वर्षी जावे.

कागदपत्रांचेही असेच होते. जात वैधता प्रमाणपत्रासाठीचा अर्ज बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयामार्फत करता येतो. तो निकालापर्यंत लांबवू नये. ओबीसी विद्यार्थ्यांनी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत तपासावीच, शिवाय अखिल भारतीय कोट्यासाठी (देशभरातील विद्यार्थ्यांना खुल्या जागांसाठी) केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते, हेही ध्यानात ठेवावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरे असेल, तर दुरुस्ती अकरावीतच करून घ्यावी.

‘नीट’च्या अभ्यासात जीवशास्त्राच्या ३६० गुणांवर भिस्त ठेवून भौतिकशास्त्राचे १८० गुण वाऱ्यावर सोडणारे पुष्कळ भेटतात. जीवशास्त्र बहुतेकांचे चांगलेच असते. त्यामुळे गुणवत्ता यादीतले अंतर भौतिकशास्त्रच पाडते, असे माझे मत आहे. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, म्हणून अंदाजाने गोळे काळे करण्याची सवय सराव परीक्षांतच मोडावी लागते. याच्या उलट एमएचटी-सीईटी या बी.फार्मसारख्या अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेश परीक्षेत गुण वजा होत नाहीत, तिथे प्रश्न कोरा सोडणे हाच तोटा. आणि ती परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर (सुमारे २० टक्के अकरावी, ८० टक्के बारावी) बेतलेली असल्याने केवळ एनसीईआरटीची, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाची, पुस्तके वाचून बी.फार्मची खात्री धरता येत नाही.

‘एमबीबीएस नाहीतर काहीच नाही’ हा हट्ट विद्यार्थ्यांपेक्षा पाहुण्यांचाच अधिक असतो. बी.एस्सी. नर्सिंगची राज्यात स्वतंत्र सीईटी होते आणि ‘नीट’च्या धावपळीत तिचा अर्ज भरायचा राहून जातो. जीएनएम या नर्सिंगच्या तीन वर्षांच्या पदविकेला तर कला शाखेतून बारावी झालेलाही पात्र ठरतो. मात्र ‘हमखास नोकरी’च्या फलकाला भुलून शुल्क भरण्याआधी संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, पदवी असल्यास ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे स्वतः पाहावे, कारण मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकलेल्याला परिषदेकडे परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही.