ड्रोन हवेत बंद पडत असेल तर आधी बॅटरी तपासा

चार्ज पुरेसा दिसत असूनही कॅमेरा ड्रोन हवेत अचानक बंद होऊन कोसळत असेल, तर मोटर बदलण्याचा खर्च करण्याआधी बॅटरी तपासावी.

१. बॅटरीच्या धातूच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरड्या कराव्यात आणि दोन्ही खिट्या ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवाव्यात. माझ्या ड्रोनची एक खिटी जेमतेम केसभर वर राहत होती, आणि तेवढ्यानेच तो दोनदा पडला.

२. गवतावर, कमरेएवढ्या उंचीवर ड्रोन मिनिटभर हवेत स्थिर ठेवून, स्वतः दूर उभे राहून, ड्रोनच्या ॲपमध्ये बॅटरीतल्या प्रत्येक सेलचे (बॅटरी ज्यांची बनते त्या आतल्या छोट्या घटांपैकी प्रत्येकाचे) व्होल्टेज पाहावे. एकच सेल दर वेळी इतरांपेक्षा ०.१ व्होल्टहून अधिक खाली जात असेल, तर ती बॅटरी पुन्हा वापरू नये.

फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये.