नवीन पिस्तुलाचं मॅगझीन नीट बसत नाही? मग या चुका टाळा

गोव्यात सत्तरी, सांगे, केपे भागात बऱ्याच जणांचा हात बारा बोअरवर बसलेला असतो, शेतीच्या राखणीसाठी घरात पिढ्यान् पिढ्या तीच बंदूक असते, आणि मग कोणी स्वतःच्या संरक्षणासाठी लायसन्स काढून .32 चं पिस्तूल घेतलं की पहिल्याच आठवड्यात तक्रार सुरू होते, मॅगझीन (गोळ्या भरायची पेटी) मुठीत वर जातं पण खटका, म्हणजे मॅगझीन धरून ठेवणारा कॅच, लागत नाही, किंवा लागतो पण बटण दाबल्यावर मॅगझीन खाली येत नाही. बहुतेक वेळा पिस्तूल खराब नसतं. पण लोक घाईघाईत जे करतात त्यानं ते खरोखर खराब होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही कितीही वेळा सांगितली तरी कमीच. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, गोळी असू शकते. आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोट घालून खात्री करा. क्रम उलटा केलात तर स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधली नवीन गोळी आत ढकलते. फिटिंग तपासताना खऱ्या गोळ्या त्या खोलीतच ठेवू नका, डमी राउंड, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या गोळ्या, मिळतात त्या वापरा. आणि बसतंय का बघायला म्हणून परसात बार काढायचा विचारही करू नका.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. मॅगझीन काठोकाठ भरतात, स्लाइड बंद ठेवतात आणि खालून दाबतात. रिकामं मॅगझीन टक् करून बसतं, भरलेलं बसत नाही, मग माणूस म्हणतो पीस डिफेक्टिव्ह आहे. खरं कारण असं की स्लाइड बंद असताना सगळ्यात वरची गोळी स्लाइडच्या खालच्या बाजूला टेकते, मॅगझीन पूर्ण वर जायला ती गोळी अजून थोडी खाली दबावी लागते, आणि नवीन स्प्रिंग कडक, त्यात सगळ्या गोळ्या आत, म्हणजे दबायला जागाच नाही. स्लाइड मागे लॉक करून लावून बघा, किंवा एक गोळी कमी भरा. बसलं तर दुरुस्तीचा प्रश्नच नाही. आणि दर वेळी लावल्यावर मॅगझीन खाली ओढून बघायची सवय लावा, अर्धवट अडकलेलं मॅगझीन हाताला बसल्यासारखंच वाटतं.

तरीही बसत नसेल तर दोष मॅगझीनचा की पिस्तुलाचा हे आधी ठरवा. सोबत दोन मॅगझीन मिळाली असतील तर दोन्हीवर नंबर टाका आणि आलटून पालटून लावा, एकच अडत असेल तर ते मॅगझीन, दोन्ही अडत असतील तर पिस्तूल. मग रिकाम्या मॅगझीनवर बाहेरून मार्कर फिरवा, खटक्याच्या खाचेभोवती जरा जास्त, वाळू द्या, आत घाला, काढा. शाई कुठे खरडली ते बघा. खाचेच्या वरच्या कडेला खरडली असेल तर खटका खाचेपर्यंत पोचतच नाहीये, आणि बाजूला उभी चकचकीत रेघ उमटली असेल तर मूठ आतून घासतेय.

मूठ आतून का घासते? बऱ्याचदा ग्रिपचे स्क्रू. कोणीतरी हौसेनं लाकडी ग्रिप (मुठीच्या बाजूच्या पट्ट्या) बसवून घेतो, स्क्रू जरा लांब पडतो आणि त्याचं टोक मॅगझीनच्या वाटेत येतं. वर आपल्याकडचा पावसाळा, जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा की नीट सील न केलेलं लाकूड फुगतं, त्यामुळे एप्रिलमध्ये मस्त चालणारं मॅगझीन जुलैत अडू शकतं. दुसरं कारण फॅक्टरीचं ग्रीस, ते न पुसताच लोक वापरायला सुरुवात करतात. आणि कृपा करून खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होऊन बसतं. मॅगझीनच्या आतली बाजू तर कोरडीच हवी, तिथलं तेल धूळही धरतं आणि गोळीच्या प्रायमरपर्यंतही (बुडातला पेटणारा भाग) पोचतं. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी मॅगझीन लेदरच्या पाउचमध्ये महिनोन् महिने ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि आतल्या आत गंज चढतो.

साफ केल्यानंतर अडायला लागलं असेल तर तळाची प्लेट बघा, ती पूर्ण सरकली नसेल तर मुठीच्या कडेला आपटते. स्प्रिंग उलटी गेली की फॉलोअर, म्हणजे गोळ्या वर ढकलणारा स्प्रिंगवरचा तुकडा, तिरका होतो. काही मॉडेलमध्ये खटका मुठीच्या बुडाला मागच्या बाजूला असतो, तिथे मॅगझीन आपोआप पडतच नाही, हातानंच ओढायचं असतं, तो दोष धरू नका. आणि दिसायला सारखं म्हणून दुसऱ्या मॉडेलचं मॅगझीन मागून आणून लावू नका.

.32 एसीपीचं अजून एक आहे. या काडतुसाची मागची कडा 9.1 मिमी आणि अंग 8.6 मिमी, म्हणजे कडा किंचित बाहेर येते. भरताना वरच्या गोळीची कडा खालचीच्या मागे गेली तर दोघी एकमेकींत अडकतात, गोळी पुढे सरकत नाही आणि लोकांना वाटतं मॅगझीन बसलंच नाही. प्रत्येक गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे आहे ना, एवढं बघत भरा.

कानस मात्र लावू नका. मॅगझीनचे वरचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या आत वळलेल्या कडा) पक्कडीनं वाकवणं, खटका घासणं, तळहातानं जोरात ठोकत राहणं, हे सगळं बंद. ओठ जरा फाकले की गोळी चुकीच्या कोनात वर येते, मॅगझीन अंगानं रुंद होऊन अजूनच घट्ट होतं, आणि ते पूर्वीसारखं करणं कठीण. वर्कशॉपवाला ओळखीचा, हात चांगला, तरी त्याच्याकडेही नको, कारण 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम 5 प्रमाणे हत्यार दुरुस्त करायलाही लायसन्स लागतं.

डीलरकडे जाताना पिस्तूल रिकामं, सगळी मॅगझीन, बिल आणि लायसन्स सोबत घ्या, मार्करची खूण पुसू नका, कुठे घासतंय ते त्याला तिथेच दाखवा. बदली मॅगझीन मिळालं तर दुकानातच रिकाम्या पिस्तुलात स्लाइड बंद आणि उघडी, दोन्ही तऱ्हेनं लावून बघा आणि मगच सही करा.