जुन्या टी-शर्टांची गोधडी

मॅरेथॉनचे, गणपती मंडळाचे, कॉलेजच्या गॅदरिंगचे टी-शर्ट घालवतही नाहीत आणि टाकवतही नाहीत. असे दहा टी-शर्ट जमले की 120 × 150 सेंमीची गोधडी होते, लहान मुलाला सहज पांघरता येईल एवढी. त्यांची फडकी करण्याआधी एवढा विचार जरूर करा.

आधी कापड समजून घ्या. साडी किंवा चादर मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेली असते. टी-शर्ट होजिअरीचा असतो, म्हणजे एकात एक अडकवलेल्या फासांचा. म्हणून तो ताणतो आणि कापला की त्याच्या कडा गुंडाळल्या जातात. नुसते चौकोन कापून जोडले तर गोधडी एका कोपऱ्यात ओढली जाते आणि मध्ये फुगते. या कामातली निम्मी मेहनत हा ताण आवरण्यातच असते.

सामान असं लागेल: जाडी साधारण सारखी असलेले दहा सुती टी-शर्ट, एक जुनी सुती साडी, एक विरलेली चादर आणि 36 इंची पन्ह्याचं चार मीटर पातळ पेस्टिंग. पेस्टिंग म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर. शिवणाच्या सामानाच्या दुकानात त्याला फ्युजिंगही म्हणतात. मशीनसाठी 14 नंबरची बॉलपॉइंट सुई घ्या. तिचं टोक गोलसर असल्यामुळे ती फास तोडत नाही, बाजूला सारून आत जाते. साधी सुई होजिअरीवर टाके चुकवते आणि बारीक भोकंही पाडते.

टी-शर्ट धुऊन वाळवा. बाह्या काढा, बाजूच्या शिवणी कापा, पुढचा आणि मागचा भाग वेगळा करा. दोन्ही भागांतून 36 सेंमीचा एकेक ढोबळ चौकोन काढा. मापात इतक्यात कापू नका.

आता पेस्टिंग. त्याचेही 36 सेंमीचे चौकोन कापा. टी-शर्ट उलटा पसरा, हाताने सपाट करा, पण ओढू नका. पेस्टिंगची खरखरीत बाजू खाली ठेवा. टी-शर्ट आडवा जास्त ताणतो, म्हणून पेस्टिंगची न ताणणारी दिशा आडवी येऊ द्या. इस्त्री दहा-पंधरा सेकंद दाबून उचला आणि पुढच्या जागी ठेवा. फिरवली तर कापड सरकतं आणि सुरकुती कायमची चिकटते. छपाई रबरासारखी असेल तर टी-शर्टखाली बेकिंग पेपर घाला. छपाईवर थेट इस्त्री कधीच नको, ती वितळते.

चौकोन पूर्ण गार झाले की पुठ्ठ्याचा 32 सेंमीचा साचा ठेवून नेमके कापा. चित्र मधोमध येतंय ना, ते पाहा. दहा टी-शर्टांतून वीस चौकोन निघतात. लहान मुलाच्या टी-शर्टातून एवढा तुकडा निघत नाही. त्याचं चित्र कापून एखाद्या कोऱ्या चौकोनावर झिगझॅगने शिवा, फार छान दिसतं.

चौकोन जमिनीवर चार-चारच्या पाच ओळींत मांडा. दोन गडद रंग शेजारी आले तर बदला. मग 1 सेंमी शिवण सोडून आधी ओळी आणि नंतर ओळीला ओळ जोडा. मशीनवर टाक्याची लांबी 3 वर ठेवा आणि कापड मागून ओढू नका. शिवणी उघडून दाबा, नाहीतर चार कोपरे मिळतात तिथे गाठ होते.

साडी कापण्याआधी तिचे दोन्ही काठ सोडवून बाजूला ठेवा, ते कडेला लागतील. उरलेल्या साडीचे 170 सेंमी लांबीचे दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की तळ तयार होतो. त्यावर चादर आणि सर्वांत वर टी-शर्टांचा थर. तळ चारी बाजूंनी हातभर नको, पण 10 सेंमी जास्त हवाच. आणखी थर घालू नका, टी-शर्ट मुळातच जड असतात.

तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या. अनेक घरांत गोधडी काठापासून आत फेरे घालत शिवतात. इथे मात्र मधून सुरुवात करून बाहेर या, म्हणजे उरलासुरला ताण कडेला निघून जातो. जाड सुती दोरा, लांब सुई, साधा धावदोरा. ओळींत चार बोटं अंतर पुरे. रबरी छपाईत सुई घालू नका, तिथली भोकं बुजत नाहीत. चित्राच्या बाहेरून त्याच्या आकाराने टाके घाला. गोधडीला खरी शोभा या हाताच्या टाक्यांनी येते. ते मशीनवर उरकू नयेत असं मला मनापासून वाटतं.

जास्तीचं कापड कापून कडेला साडीचा काठ दुमडून लावा. घेर 540 सेंमीचा आहे आणि कोपऱ्यांवरही थोडा काठ जातो, म्हणून दुसऱ्या काठातला तुकडा जोडावा लागेल.

टी-शर्टांच्या उरलेल्या भागाच्या 3 सेंमीच्या आडव्या पट्ट्या कापून दोन्ही टोकांना ओढा. त्या आपोआप गुंडाळून दोरीसारख्या होतात. तीन पट्ट्यांची वेणी घाला, ती गोल गुंडाळत शिवत जा, पायपुसणं तयार होतं.

गोधडी पहिल्यांदा थंड पाण्यात वेगळी धुवा. ओली असताना ती चांगलीच जड होते, म्हणून एका दोरीवर लटकवू नका, दोन-तीन दोऱ्यांवर पसरून वाळवा.